निपाणीकरांच्या प्रतिक्रियेला उत्तर: टोन नवा, चाल कुणाची?

निपाणीकर, नमस्कार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: जुन्या कॅसेटमधला अभंग कॉम्प्युटरवर एकेक स्वर नव्यानं घडवून उभा केला, मूळ टेपचा सेकंदही उचलला नाही, तर कॉपीराइट येतोच कुठं? आणि मी खानापूरकडच्या भजनी मंडळांतल्या पोरांना उगाच घाबरवतोय.

अर्धं म्हणणं मान्य. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 14 रेकॉर्डच्या मालकाला हक्क देतं तो ती रेकॉर्ड सामावून घेणारी दुसरी रेकॉर्ड करण्याचा. आता कॉम्प्युटरवर तंबोऱ्याची तार घडवायची झाली तर बघा. संगणकतज्ज्ञ कार्प्लस आणि स्ट्राँग यांची 1983 ची पद्धत अशी: 200 आकड्यांची रांग नुसत्या गोंगाटानं भरायची आणि शेजारच्या दोन आकड्यांची सरासरी काढत ती फिरवत राहायची. सेकंदाला असे 44,100 आकडे (नमुने) वाजवले तर साधारण 220 हर्ट्झचा स्वर निघतो आणि छेडलेल्या तारेसारखा विरत जातो. यात कॅसेटमधलं काय आलं? काहीच नाही. अमेरिकेच्या कायद्यात तर स्पष्टच लिहिलंय की स्वतंत्रपणे ध्वनिमुद्रित केलेली नक्कल कितीही हुबेहूब असली तरी रेकॉर्डच्या हक्काचा भंग होत नाही. आपल्याकडं इतकं स्पष्ट वाक्य नाही, म्हणून मी जपून बोलतो.

पण आपली पोरं हे करतात का? ऑक्टापॅडमध्ये (इलेक्ट्रॉनिक तालवाद्यात) पेनड्राइव्हवरून टोन, म्हणजे वाद्यांचे तयार आवाज, टाकून घेतात. त्यातली ढोलकी कुणाच्या तरी ट्रॅकमधून कापलेली असते. ते सिंथेसिस (स्वर नव्यानं घडवणं) नव्हे, सॅम्पलिंग (रेकॉर्डचा तुकडा कापून वापरणं), म्हणजे रेकॉर्डच. दुसरा प्रकार जास्त फसवा. सॉफ्टवेअर कॅसेट ऐकतं, तिचे शेकडो साइन लहरींत (एकेका शुद्ध स्वराच्या साध्या लहरींत) तुकडे करतं आणि त्या लहरी नव्यानं वाजवतं. कागदावर ही अ‍ॅडिटिव्ह सिंथेसिस (लहरींची बेरीज करून घडवलेला आवाज), पण कॅसेटवर गाणाऱ्या बुवांची गळ्यातली प्रत्येक हरकत, श्वास, पेटीच्या भात्याचा हिसका, सगळं जसंच्या तसं आलेलं असतं. मी तरी याला उचलच म्हणतो. गळ्याची नक्कल करणाऱ्या एआयची गोष्ट आणखी वेगळी. 2024 मध्ये अरिजित सिंगच्या दाव्यात मुंबई उच्च न्यायालयानं तसल्या वापराला तात्पुरती मनाई केली आहे.

आता उरलेलं अर्धं, जे तुमच्या प्रतिक्रियेत आलंच नाही: चाल. तुकोबांचे शब्द कुणाच्या मालकीचे नाहीत, पुरंदरदासांचेही नाहीत. पण त्यांना गेल्या शतकात कुणी चाल लावली असेल तर ती त्या संगीतकाराच्या हयातीपर्यंत आणि पुढं 60 वर्षं त्याची. आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व 1992 साली गेले. त्यांच्या बंदिशींवरचा हक्क 2052 संपेपर्यंत आहे. रेकॉर्डचा हक्क मात्र प्रकाशनानंतर 60 वर्षंच. 1960 साली निघालेली तबकडी 2021 पासून मोकळी. म्हणजे जी टेप टाळायला तुम्ही एवढा खटाटोप केलात ती कदाचित मोकळी असेल, आणि जी चाल बिनधास्त घेतलीत तीच अडकलेली असेल!

रस्ता आहे. कलम 31सी प्रमाणं पहिल्या रेकॉर्डनंतर पाच वर्षांनी कव्हर, म्हणजे त्याच गाण्याची आपण गायलेली नवी रेकॉर्ड, काढता येतं, आधी नोटीस देऊन आणि रॉयल्टी आगाऊ भरून. किमान 50,000 प्रतींची रॉयल्टी धरतात. आपल्यासारख्यांना ती झेपणारी नाही, पण भाषेचा किंवा बोलीचा खप बघून हा आकडा कमी करून देण्याची तरतूद त्याच कलमात आहे. अशा रेकॉर्डच्या वेष्टनावर मूळ गायकाचं नाव, फोटो चालत नाही. थंबनेल (व्हिडिओचं मुखचित्र) म्हणजे आजचं वेष्टनच असं मी धरतो, म्हणून बुवांच्या फोटोला हरकत घेतली होती.

देवळातल्या सप्त्यात किंवा गणपतीच्या पूजेला गाणाऱ्यांनी मात्र खुशाल गावं. खऱ्या धार्मिक विधीतल्या गाण्याला कलम 52 मध्ये सूट आहे. अपलोड करणं वेगळं.

आणि हो, तंबोऱ्याचं पॅच (सॉफ्टवेअरमध्ये जुळवलेला आवाज) मागितलंत. वरच्या साध्या पद्धतीत जवारी, म्हणजे तंबोऱ्याचा तो झणझणीत गुंजारव, येत नाही. तार घोडीला किती घासते हे तिच्या आंदोलनाबरोबर बदलतं ठेवावं लागतं. माझं पॅच तसं केलेलं आहे, मेल टाका, पाठवतो. ते माझंच आहे, मंडळात कुणालाही द्या.