आडत्या हटवला की फवारणीला पैसे कोण देणार?

सांगोल्यापासून करमाळ्यापर्यंत शेतकऱ्यांच्या ग्रुपवर सध्या एक मजकूर फिरतोय. त्याचं सार असं: ‘भाव मिळत नाही कारण मधला दलाल खातो. कमिशनवर माल विकून देणाऱ्या आडत्याला टाळा, थेट ग्राहकाला विका, दुप्पट पैसे मिळतील. आणि कर्ज तर काढूच नका. नुकसान झालंच तर विमा आहे.’ यातला राग खरा आहे. डाळिंबाची पट्टी (विक्रीचा हिशेब) हातात घेऊन मीही मार्केट यार्डातून रिकाम्या खिशानं परतलोय. पण या सल्ल्यावर विसंबून कुणी यंदाचा बहार (फळांचा हंगाम) धरला तर त्याची बाग धोक्यात येईल, म्हणून हे लिहितोय.

‘दलाल खातो म्हणून भाव नाही.’ फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला सोलापूर बाजारात ५१२ किलो कांद्याचे खर्च वजा जाता २ रुपये मिळाले. तो चेक देशभर गाजला. पण भाव बघा, किलोला १ रुपया. हमाली, तोलाई, गाडीभाडं सगळं माफ झालं असतं तरी हाती ५१२ रुपयेच आले असते. त्यात काढणीची मजुरीसुद्धा निघत नाही. लाल कांदा एकदम बाजारात येतो आणि तो टिकत नाही. चाळीत, म्हणजे साठवणीच्या शेडमध्ये, राहतो तो उन्हाळी. त्यामुळे ‘साठवून ठेवा’ हे त्या शेतकऱ्याला सांगून उपयोग नव्हता. पुढे डिसेंबर २०२३ ते मे २०२४ निर्यातबंदी होती. ती दिल्लीतून आली होती, आडत्याच्या गाळ्यातून नव्हे.

आडत्याची चूक असते तिथे मात्र सोडू नका. २०१६ पासून फळं-भाजीपाल्याची आडत, म्हणजे आडत्याचं कमिशन, खरेदीदाराकडून घ्यायची आहे. पट्टीत ती तुमच्याकडून कापलेली दिसली तर बाजार समितीकडे लेखी तक्रार करा.

‘थेट विका.’ दहा-वीस क्रेट असतील तर जरूर विका. पण बाग एकदम तोडणीला येते तेव्हा टनांनी माल निघतो. त्यातला डागी, लहान, तडकलेला कोण घेणार? बाजारात त्यालाही गिऱ्हाईक असतं. शिवाय थेट खरेदीदार रोख देतोच असं नाही. जागेवर द्राक्षं उचलून नेलेल्या व्यापाऱ्याचा चेक वटला नाही, असं घर पंढरपूर भागात शोधावं लागत नाही.

आता खरा मुद्दा. आडत्या माल विकतो, तशीच तो आपली बँकही चालवतो. बहार धरल्यापासून तोडणीपर्यंत पाच-सहा महिने जातात. पानगळ, खतं, तेल्या या डाळिंबावरच्या रोगासाठी फवारण्या, मजुरी, सगळा पैसा दर आठवड्याला जातो आणि येतो एकदाच. पाऊस लागून तेल्याची भीती उभी राहिली की बँकेचं प्रकरण मंजूर होईपर्यंत थांबता येत नाही. आडत्या एका फोनवर उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो. त्या बदल्यात माल त्याच्याच गाळ्यावर न्यावा लागतो, भाव बरा दुसरीकडे असला तरी. उचलीचं खरं व्याज ते आहे. म्हणून आडत्यापासून सुटायचं असेल तर आधी त्याच्या उचलीपासून सुटलं पाहिजे.

आणि त्यासाठीच ‘कर्ज काढू नका’ हा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो. ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर केंद्राच्या सवलतीनं व्याज ४ टक्क्यांवर येतं आणि पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे तेही उरत नाही. एवढा स्वस्त पैसा सोडून उचल घ्यायची? बहाराच्या आधी पीककर्जाचं नूतनीकरण करा, उचल अगदी शेवटी. फक्त पीककर्जाचा पैसा नव्या लागवडीत किंवा ठिबकमध्ये घालू नका. डाळिंबाचा पहिला बहार दोन वर्षांनी धरायचा, कर्ज मात्र वर्षात फेडायचं. थकबाकी तिथूनच सुरू होते. त्यासाठी मुदत कर्ज घ्या आणि हप्ते फळ सुरू झाल्यावर लावून मागा. पॅकहाऊस, शीतगृह गटानं करायचं असेल तर कृषी पायाभूत सुविधा निधीतून २ कोटींपर्यंतच्या कर्जाला ३ टक्के व्याजसवलत ७ वर्षं मिळते.

द्राक्षवाल्यांकडे आणखी एक वाट आहे. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. तो शीतगृहात ठेवून पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेतून कर्ज मिळतं, छाटणीचा खर्च भागतो आणि विकायची घाई राहत नाही.

विम्याबद्दल एवढंच: फळपीक विमा हवामानावर आहे. ठरलेल्या निकषाइतका पाऊस किंवा तापमान झालं तर पैसे येतात. भाव पडला म्हणून येत नाहीत.

आमच्या चार एकरांत यंदा दोन एकर मृग बहार (जून-जुलैचा) धरलाय, दोन एकर हस्त बहार (सप्टेंबर-ऑक्टोबरचा). एका तोडणीचा भाव पडला तरी दुसरीची पट्टी बाकी असेल. पीककर्ज एप्रिलमध्येच नवं करून घेतलं. उचल अजून घेतलेली नाही, त्यामुळे तोडणीच्या दिवशी क्रेट कुठल्या यार्डात न्यायचे ते आम्ही ठरवू.