कनांग्राच्या कॅम्पवरच्या त्या प्रतिक्रियेला माझं उत्तर

कमेंटच्या चौकटीत मावेना म्हणून वेगळं लिहितेय. ज्यांनी मागची पोस्ट वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, जुलैच्या (इकडे ऑस्ट्रेलियात तेव्हा हिवाळा असतो) एका वीकेंडला आम्ही सिडनीहून नऊ फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्या घेऊन निघालो, शुक्रवारची रात्र कनांग्रा-बॉइड नॅशनल पार्कातल्या बॉइड रिव्हर कॅम्पग्राउंडला आणि शनिवारची ॲबरक्रॉम्बी रिव्हर नॅशनल पार्कात नदीकाठी काढली. एकवीस मोठी माणसं, अकरा पोरं. त्यावर "एक जुना ट्रेकर" अशी सही करून एका गृहस्थांनी लिहिलंय, ते जसंच्या तसं देते:

"ताई, फोटो छान. पण कनांग्रा वॉल्स ब्लू माउंटन्स नॅशनल पार्कात नाहीत. गुरुवारी तिकडे पाऊस झाला होता, ओल्या मातीवरून नऊ गाड्या नेल्यावर ट्रॅकची काय अवस्था होते ते तुमच्या ग्रुपने बघितलं का? आणि थंडीचा काडीचा अनुभव नसलेल्या हौशी बायकांनी उणे ५ मध्ये सहा-सात वर्षांच्या पोरांना तंबूत झोपवणं हे धाडस नव्हे, बेजबाबदार आईपण आहे. नऊ गाड्या म्हणजे कॅम्पिंग नाही, वरात आहे."

पार्काच्या नावाचं मान्य. चूक माझीच. कनांग्रा वॉल्स, म्हणजे ते उंच कडे, कनांग्रा-बॉइड नॅशनल पार्कात येतात, ब्लू माउंटन्स नॅशनल पार्क शेजारचं. दोन्ही मिळून (आणि आणखी काही पार्कं धरून) २००० साली जागतिक वारसा यादीत आलेला ग्रेटर ब्लू माउंटन्सचा पट्टा होतो, त्यामुळे लिहिताना माझी गफलत झाली. पोस्टमध्ये दुरुस्त केलंय. चूक दाखवल्याबद्दल आभार, मनापासून.

आता ते आईपणाचं वाक्य.

मी ते रात्री अकराला वाचलं आणि मला झोप लागली नाही. दादा, तुमचं वय मला माहीत नाही, तुम्ही मोठेच असाल म्हणून दादा म्हणते, पण कुठल्याही अनोळखी बाईला "हौशी बायका" म्हणून एका टोपलीत टाकायच्या आधी माणूस एक प्रश्न तरी विचारतो की नाही? ट्रिपला पुरुष होते, त्यांचीही पोरं तंबूतच झोपली होती. बेजबाबदार बाप कुणी म्हटलं नाही तुम्ही. गाड्या चालवणाऱ्या आम्ही तिघी होतो, तेवढ्या मात्र बरोबर दिसल्या.

आणि "थंडीचा काडीचा अनुभव नसलेल्या". हे मला. माझं माहेर निफाड तालुक्यातलं आहे हो. ज्यांना निफाडची थंडी म्हणजे काय ते माहितीये त्यांना पुढचं सांगायची गरज नाही, तुम्हाला मात्र ती आहे असं दिसतंय. आमची द्राक्षाची बाग होती. डिसेंबर-जानेवारीत पारा उतरायला लागला की मणी तडकायची भीती, मग पहाटे तीन वाजता आण्णा, म्हणजे माझे वडील, उठायचे आणि आम्हा भावंडांना उठवायचे, बागेत जागोजागी शेकोट्या पेटवायच्या, धूर बागेवर धरून ठेवायचा, ड्रिपचं पाणी सोडायचं. मी नऊ वर्षांची होते तेव्हापासून ते करतेय. पायात स्लिपर, अंगात काकाचा जुना स्वेटर, डोक्याला मफलर. सकाळी पेपरात कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा आकडा यायचा आणि आण्णा तो मोठ्यानं वाचायचे, कारण त्या आकड्यावर आमचं वर्षाचं उत्पन्न टांगलेलं असायचं. त्या पहाटे माझ्या आईनं मला बागेत पाठवलं म्हणून तीही बेजबाबदार का? सांगा ना. तिच्याबद्दल लिहून दाखवा असं.

तुम्ही म्हणाल निफाड वेगळं आणि ऑस्ट्रेलिया वेगळं. मग इकडचं सांगते. २०१६ साली आम्ही पहिल्यांदा थंडीत कॅम्पिंगला गेलो, बॅरिंग्टन टॉप्सला, पोलब्लूच्या कॅम्पग्राउंडवर. मुलगी तेव्हा चार वर्षांची. दुकानातून चांगली जाड हवेची गादी घेतली होती, वरून दोन दुलया, मला वाटलं भरपूर झालं. रात्री दोनला पोर रडत उठली, पाय बर्फासारखे गार. मी तिला उचलून गाडीत नेलं, हीटर लावला, छातीशी धरून सकाळपर्यंत बसून राहिले. ती रात्र मी विसरलेले नाही. त्या रात्रीनंतर मी शिकले की थंडी वरून कमी आणि खालून जास्त लागते, हवेच्या गादीच्या आतली हवाच गार होते आणि अंगातली ऊब खेचत राहते, वर कितीही दुलया टाका. म्हणून आता प्रत्येक पोराखाली आधी बंद पेशींच्या फोमची चटई, तिच्यावर चांगल्या आर-व्हॅल्यूची (म्हणजे खालची थंडी जास्त अडवणारी) मॅट, मग स्लीपिंग बॅग. बॅगेवर तापमानाचे दोन आकडे असतात, कम्फर्ट (आरामात झोप लागेल तो) आणि लिमिट (कसंबसं निभेल तो), बऱ्याच बॅगांवर लिमिटचाच आकडा मोठा छापतात आणि लोक त्यावर जातात. मी कम्फर्टचा बघते. आणि ते आकडे मोठ्या माणसांवरून काढलेले असतात, लहान मुलांना लागूच होत नाहीत, म्हणून पोरांसाठी एक पायरी जास्त उबदार बॅग घेते. हे मी कुणाचं ऐकून सांगत नाहीये, आठ-नऊ हिवाळे केलंय.

त्या शुक्रवारी काय केलं तेही ऐका. बॉइड रिव्हर उंचावर आहे, तिथे गारठा असणार हे वाटेतल्या ओबेरॉन गावात शेवटचं डिझेल भरतानाच सगळ्यांना सांगितलं होतं. पोहोचल्यावर आधी तंबू, नंतर गप्पा. पोरांना झोपायच्या आधी कढत हुलग्याचं माडगं, त्यात तूप, वर एकेक डिंकाचा लाडू, कारण पोटात काही असलं की अंग रात्रभर ऊब धरतं. दिवसभराचे कपडे घालून कुणी झोपायचं नाही, घामानं ओलसर झालेले असतात, झोपायचे कोरडे कपडे वेगळ्या पिशवीत. लोकरीची टोपी, कोरडे मोजे, पायाशी गरम पाण्याची पिशवी. तंबूची वरची जाळी थोडी उघडी, नाहीतर श्वासाची वाफ आतून जमते आणि पहाटे अंगावर गळते. आणि आमच्या ग्रुपचा एक नियम आहे ज्याला अपवाद नाही: शेगडी, निखारे, गॅस हीटर यातलं काहीही तंबूच्या आत नाही, पाच मिनिटंसुद्धा नाही. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, झोपलेल्या माणसाला कळतही नाही. एका नवीन जोडप्यानं छोटा गॅस हीटर आणला होता, तो मी स्वतः त्यांच्याकडून मागून घेतला आणि माझ्या गाडीत ठेवला. त्यांना राग आला असेल, येऊ दे.

पहाटे साडेपाचला आमच्या थर्मामीटरवर उणे ५ होतं. मी उठले ती तंबूतंबूत फिरून प्रत्येक पोराच्या मानेला हात लावून आले. अकराच्या अकरा गरम होती. माझा मुलगा, तोच सहा-सात वर्षांचा ज्याची तुम्हाला काळजी वाटली, उठल्यावर पाण्याच्या कॅनमध्ये तरंगणारा बर्फाचा पापुद्रा हातात घेऊन सगळ्यांना दाखवत फिरत होता. छोट्या डब्यांवरचे स्टोव्ह त्या थंडीत पेटत नाहीत कारण ब्युटेन शून्याच्या आसपास वायू व्हायचाच थांबतो, हेही आम्हाला माहीत होतं, म्हणून प्रोपेनचा मोठा सिलिंडर होता आणि सहा वाजता चहा तयार होता. तिथे मोबाइलला रेंज नाही, म्हणून दोन गाड्यांत पीएलबी (संकटात उपग्रहामार्फत मदत मागायचं छोटं यंत्र) होते, सरकारी यादीत रजिस्टर केलेले. सगळ्यांकडे गाडी-गाडीत बोलायचा यूएचएफ रेडिओ, चॅनल १० वर. पुढे ट्रिप लीडर, सगळ्यात मागे अनुभवी टेल-एंड चार्ली (ताफ्याच्या शेवटच्या गाडीचा ड्रायव्हर), मधली गाडी मागच्या गाडीचे दिवे दिसल्याशिवाय वळण घेत नाही. याला तुम्ही हौस म्हणता?

तुम्ही "जुना ट्रेकर" म्हणून सही करता म्हणून विचारते, तुम्ही स्वतः सह्याद्रीत पहिल्यांदा गेलात तेव्हा तुमच्या पाठीवर काय होतं? एक चादर आणि बॅटरी, असंच ना बहुतेकांचं? तेव्हा तुम्हाला कुणी तुमच्या आईवरून बोललं होतं का? आमच्यापेक्षा आधी डोंगर चढलात म्हणून डोंगर तुमच्या नावावर झालेला नाही. हे जरा जास्त लिहिलं असेल तर असू दे, पुसत नाही.

ओल्या ट्रॅकचं म्हणाल तर पार्कवाल्यांनी गेट बंद केलं नव्हतं. निघायच्या आदल्या दिवशी आणि ओबेरॉनलाही अलर्ट बघितला होता, बंद असतं तर गेलोच नसतो. टायरमधली हवा ३८ वरून २४ पीएसआयवर आणली होती, चढाला सगळे लो रेंजमध्ये (हळू पण जास्त जोरानं चालवायच्या गिअरमध्ये) होते, कुणी चाकं फिरवत बसलं नाही. एक-दोन ठिकाणी चरे पडले, ते पडतातच. त्यावर वाद घालायला बसलो तर दिवस जाईल, पुन्हा कधीतरी लिहीन. आणि नऊ गाड्या म्हणजे वरात, यावर मी काही बोलणार नाही. एकट्या गाडीनं असल्या ट्रॅकवर जाऊ नये हे शिकवणारे वेगळे, नऊ झाल्या की नावं ठेवणारे वेगळे, कुणाकुणाचं ऐकायचं. जळणही आम्ही ओबेरॉनहून विकत नेलं होतं, पार्कातली एक काटकी उचलली नाही, कारण पडलेल्या लाकडाच्या ढोलीत प्राणी राहतात. हे तुम्ही विचारलं नव्हतं, पण तुमचा पुढचा मुद्दा तोच असणार म्हणून सांगून ठेवते.

तुमची कमेंट मी काढलेली नाही आणि काढणारही नाही. पार्काचं नाव, ट्रॅक, गाड्या, सगळं राहू दे, लोक वाचतील आणि आपापलं ठरवतील. फक्त एक विनंती आहे. माझी मुलगी आता हायस्कूलला आहे, मराठी हळूहळू वाचते पण वाचते, आणि माझं लिहिलेलं सगळं वाचते. तिनं तुमचं वाक्य बोट ठेवून वाचलं आणि मला विचारलं, आई, बेजबाबदार म्हणजे केअरलेस ना? पोलब्लूच्या त्या रात्री जिला मी सकाळपर्यंत धरून बसले होते ती हीच. मी हो म्हटलं आणि स्वयंपाकघरात गेले. तेवढे दोन शब्द, "बेजबाबदार आईपण", तुम्ही स्वतः काढा. मी तुमच्या कमेंटला हात लावणार नाही.