गवताची चाकरी

कॅनडातल्या कॅल्गरीत घर घेतलं की दोन चाकऱ्या मागे लागतात, एक बँकेची आणि एक गवताची. बँकेची निदान पंचवीस वर्षांनी संपते.

इथं वर्षाला सरासरी ४२० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बर्फाचं पाणी धरून. आकड्यावरूनच व्यवहार ओळखावा. मी मूळचा माण तालुक्यातला, त्यामुळे पाऊस दगा देतो म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको. पण आमच्याकडं माणूस आभाळाला चार शिव्या घालून मोकळा होतो. इथं शिव्या चालत नाहीत, पाणी घालावं लागतं. १८५७ साली जॉन पॅलिसर नावाचा कप्तान ब्रिटिशांच्या वतीनं या माळरानाची पाहणी करायला आला आणि दक्षिणेकडचा मोठा तुकडा शेतीसाठी फार कोरडा आहे, असं कळवून गेला. लोकांनी ऐकलं नाही. आधी गहू लावला, मग हौस भागेना म्हणून घरापुढं परदेशी गवत. इथलं स्वतःचं गवत आहे की! रफ फेस्क्यू. खोल मुळांचं, बायसनच्या कळपांना पोसलेलं, २००३ पासून आमच्या अल्बर्टा प्रांताचं अधिकृत गवत. मान मोठा, पण अंगणात कुणी घेत नाही. अंगणात हवं केंटकी ब्लूग्रास, ज्याची मुळं उथळ आणि तहान खोल.

एप्रिलमध्ये बर्फ हटला की नुकसानीचा पंचनामा. बुरशीचे करडे चट्टे, व्होल नावाच्या उंदरांनी बर्फाखालून कोरलेल्या वाटा, कडेला सशांच्या हिवाळी मुक्कामाच्या खुणा. त्यात चिनूक वारा. ऐन जानेवारीत हा एका दुपारीत पारा वीस अंशांनी चढवतो, बर्फ पितो, माती सुकवतो आणि निघून जातो. मागे गवत उघडं, आणि रात्री पुन्हा उणे वीस.

मग जमिनीला हवा लागावी म्हणून भाड्याचं यंत्र फिरवायचं. ते मातीच्या बोटभर लांब कांड्या उपसून अंगणभर टाकतं. गेल्या वर्षी गावाहून अण्णा आले होते. सकाळी दार उघडून ते बाहेर बघत राहिले आणि आत येऊन हळूच म्हणाले, "एवढी कुत्री कुणाची रं?"

पाण्याचा नियम असा, की आठवड्याला २५ मिलिमीटर पडलं पाहिजे, रोज थोडं थोडं नाही तर एक-दोनदा भरपूर. किती पडलं ते मोजायला इथले लोक ट्यूना माशाचा रिकामा डबा ठेवतात. आम्ही रसगुल्ल्यांचा ठेवतो. अण्णांनी डब्यात बोट बुडवून पाहिलं, अंगण पावलांनी मोजलं आणि ओसरीवर बसल्याबसल्या हिशेब मांडला. शंभर चौरस मीटरला आठवड्याला अडीच हजार लिटर. "म्हंजी म्हैन्याला एक टँकर," ते म्हणाले. आमच्या वस्तीवर टँकर आला की बायका भांडी घेऊन धावायच्या. तो सगळा टँकर मी, पिण्याचं पाणी, गवताला घालत होतो. पुढचे दोन दिवस अण्णांनी अंघोळ अर्ध्या बादलीत उरकली. कुणीतरी भरपाई करायला हवी होती.

कापायची वेळ आली तेव्हा ते खुशीत होते. कापताना एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त पातं छाटायचं नाही, आणि वाढू द्यावं म्हटलं तर पंधरा सेंटिमीटरच्या वर गेलं की महापालिकेचा नियम मोडतो.

"आता ही वैरण कुणाला?"

"हिरव्या डब्यात टाकायची. पालिकेची गाडी नेते."

"त्यांच्याकडं म्हशी हायत?"

"नाही. खत करतात."

अण्णा दुष्काळात बैल घेऊन महिनोन् महिने चारा छावणीत राहिलेले. ते त्या डब्याचं झाकण उघडून बराच वेळ बघत होते.

खरं सुख मला मिळालं ते त्याआधी, जून २०२४ मध्ये. शहराची मुख्य जलवाहिनी फुटली आणि नळाचं पाणी बागेला घालायला बंदी आली. गवत पिवळं पडून झोपी गेलं. ते मरत नाही, पाणी मिळालं की उठतं, पण हे मी कुणाला सांगितलं नाही. हातात पाइप न धरता खुर्ची टाकून बसायची सरकारी परवानगी पुन्हा कधी मिळेल, सांगता येत नाही. फक्त शेजारचे निवृत्त गृहस्थ पिंपात साठवलेलं पावसाचं पाणी झारीनं घालत हिंडायचे.

हे गृहस्थ माझ्या गवताला कधी नावं ठेवत नाहीत. कुंपणाशी येऊन "यंदा सगळ्यांनाच अवघड जातंय, नाही?" एवढंच म्हणतात. स्वतःचं गवत गालिचा. सगळ्यांत ते स्वतः धरलेले नाहीत, हे दोघांनाही कळतं.

त्यांचा आणि अण्णांचा दोस्ताना जमला तो डँडेलियनवरून. या पिवळ्या फुलाचं मूळ खोल जातं आणि तुकडा राहिला तरी पुन्हा फुटतं. शेजाऱ्यांकडं त्यासाठी उभ्यानं वापरायचं, पायानं दाबायचं अवजार आहे. अण्णांनी बॅगेतून आणलेलं खुरपं काढलं, उकिडवे बसले आणि चहा होईपर्यंत पुढचा वाफा स्वच्छ केला, मुळं शाबूत. शेजारी कुंपणावर वाकून बघत होते. दुसऱ्या दिवशी ते तिकडं गुडघे टेकून बसलेले, अण्णांचं खुरपं हातात, आणि अण्णा माणदेशी बोलीत सूचना देतायत. "आरं, मुळाशी घाल की! वरवर काय खाजवतोयस!" शेजारी मान डोलावत होते.

जायच्या आधी अण्णांनी मला बोलावलं.

"दोन्ही घरची वैरण मिळून एक म्हस निभंल. इचार त्यांना, अर्धलीनं घेत्यात का."

मी विचारलं. चेष्टा म्हणून हसतील असं वाटलं होतं. शेजाऱ्यांनी हनुवटी खाजवली आणि म्हणाले, "पालिका कोंबड्यांना परवाना देते. म्हशीचं विचारून बघायला हवं."