दुसरीतून उठली ती थेट चौथीत बसली

आज इंदूरच्या सुदामा नगरात एका हळदीकुंकवाला कोणीतरी म्हणालं, ‘कोरोना होऊन गेला, आता त्या बंद शाळांचं किती दिवस उगाळणार? मुलंच ती, भरून काढतात.’ दोघी-चौघींनी माना डोलावल्या. त्याच घराच्या मागच्या अंगणात आठवीतली एक मुलगी आईबरोबर कपबश्या विसळत होती.

तिची वही बघा. अक्षर मोत्यासारखं, समास आखलेले, फळ्यावरचं सगळं उतरवलेलं. आता तिलाच त्यातली एक ओळ वाचायला सांगा. बोट ‘परीक्षा’खाली येतं, ‘प… री…’ आणि ‘क्ष’वर थांबतं. मग ती तुमच्या तोंडाकडे बघते. ती वाचत नाही, चित्र काढावं तशी अक्षरं उतरवते. आठ वर्षं शाळेच्या पटावर असलेली मुलगी!

मार्च २०२० मध्ये ती दुसरीत होती. आपल्या मध्य प्रदेशात पहिली ते पाचवीचे वर्ग उघडले २० सप्टेंबर २०२१ ला, तेही निम्म्या हजेरीनं. म्हणजे दुसरीतून उठली ती थेट चौथीत बसली. जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा कुलूप. जोडाक्षरं पक्की होण्याचं, उसना घेऊन वजाबाकी शिकण्याचं वय नेमकं ह्या मधल्या काळातलं. चौथीच्या गुरुजींना चौथीचं पुस्तक संपवायचं होतं. तिसरी कोणीच शिकवली नाही. २०२३ मध्ये पाचवीला बोर्ड पॅटर्न परीक्षा, म्हणजे पेपर शाळेचा नाही, राज्याचा, आणि आता महिन्या-दोन महिन्यांत आठवीला पुन्हा तीच.

‘ऑनलाइन होतं की!’ होतं ना. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ येत होते. घरात फोन एक, आणि तो बापाच्या खिशात पालद्याच्या कारखान्यात. रात्री फोन घरी यायचा तेव्हा डेटा संपलेला आणि पोर झोपलेली. ६ जुलै २०२० पासून ‘हमारा घर हमारा विद्यालय’ होतं, सकाळी १० ला घरच्यांनी थाळी वाजवायची आणि १ पर्यंत अभ्यास. थाळी वाजवायला घरी होतं कोण? आई तर आपल्याच घरांत भांड्यांना आली होती. सात वर्षांची ही पोर दीड वर्षाच्या भावाला कडेवर घेऊन बसलेली.

सुरुवातीचे महिने शाळा बंद ठेवणं भाग होतं, मान्य. कित्येक शिक्षकांनी बस्तीत जाऊन मोहल्ला क्लास घेतले, तेही मान्य. पण बाजार उघडले, लग्नं लागली, आणि सगळ्यात शेवटी उघडले ते ह्या लहानग्यांचे वर्ग. ह्याचा राग अजून जात नाही.

आणि नुसतं वाचणं गेलं असंही नाही. प्राथमिकच्या मुलाला माध्यान्ह भोजनात रोज १०० ग्रॅम धान्य, ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत. शाळेत ती थाळी एकट्या तिची असते. कोरडं धान्य घरी आलं की ते सगळ्यांच्या पातेल्यात जातं आणि पाच तोंडांत वाटलं जातं. वयात येणाऱ्या मुलींची आठवड्याची लोहाची निळी गोळीही शाळेतच हातावर पडायची. शाळेला कुलूप लागलं तेव्हा आठवी-नववीत असलेली मुलं हमालीला लागली, मुलींची लग्नं उरकली. ती मुलं आता विशीची आहेत, बाकावर परत येणार नाहीत.

ही मात्र अजून बाकावर आहे. म्हणून थोडं कामाचं बोलते.

तिला ३०२ मधून १४७ वजा करायला सांगा. उत्तर येईल २४५. हा निष्काळजीपणा नव्हे. एकक, दशक, शतक अशा प्रत्येक घरात मोठ्यातून लहान आकडा वजा करायचा, एवढंच तिला कळलंय. ‘चुकलं’ म्हणू नका. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधा, असे दहा गठ्ठे रबरात अडकवून शंभराचा एक करा, तीन शंभर आणि दोन सुट्या काड्या पुढ्यात ठेवा. सात काड्या द्यायला ती स्वतः एक शंभर सोडेल, मग त्यातला एक दहाचा गठ्ठा सोडेल. चार-पाच दिवसांत १५५ येतं.

वाचनाचंही तसंच. आठवीचं पुस्तक बाजूला ठेवा. अक्षर, शब्द, चार ओळींचा उतारा, छोटी गोष्ट, ह्यात ती कुठे अडते ते बघा आणि तिथून सुरू करा. इयत्ता विसरून एकाच पायरीवरची मुलं एकत्र बसवा, एका गटात पंधरा-वीसच्या वर नकोत, रोज दीड तास. आपल्याकडे चूक कुठे होते? रविवारी दोन तास शिकवून फोटो काढतो. आठवड्यातून एकदा शिकलेलं सोमवारी पुसलं जातं.

कागदांचंही बघा. समग्र आयडी, म्हणजे आपल्या राज्याचा ओळख क्रमांक, शाळेच्या पोर्टलवर जोडलेला नसला की पोर पटावर असून हिशोबात नसते. मधेच शाळा सुटली असेल आणि आधीची खासगी शाळा थकलेल्या फीसाठी टीसी देत नसेल, तर शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५ दाखवा: टीसीला उशीर झाला म्हणून आठवीपर्यंत सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. आठवीत नापास झाली तर निकालापासून दोन महिन्यांत फेरपरीक्षेची संधी आहे. हे तिच्या आईला कोणीही सांगितलेलं नसतं. बहुतेक घरांत ‘नापास’ ऐकलं की शाळा तिथेच संपते, आणि कपबश्या दोनच्या चार घरी होतात.

आपल्या मुलांना त्या दोन वर्षांत लॅपटॉप मिळाला, शिकवणी मिळाली, मोठी झाली तशी भंवरकुआंचे महागडे कोचिंग क्लास मिळाले. भरून निघालं ते असं निघालं.

उद्या ती आईबरोबर येईल. भांड्यांच्या आधी हातात पेपर द्या, एकच मथळा. ‘क्ष’ला अडली तर थांबा, तिच्याऐवजी वाचून टाकू नका. आणि परीक्षा होईपर्यंत तिला कामाला आणू नका असं आईला सांगा, पगार न कापता.