टीव्हीवर प्रलय, खात्यात साठ-चाळीस

दुसऱ्यांचे पैसे सांभाळावेत आणि जोडीला अख्खी अमेरिकाही सांभाळावी असं वाटत असेल, तर काळजी नको. तिथल्या उजव्या छावणीत अर्थभाष्यकाराची जागा कायम रिकामी असते. अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. उलट नसलेलीच बरी. पदवीवाल्यांना दर वाक्यात ‘पण’ घालायची खोड असते आणि टीव्हीवर ‘पण’ला वेळ नसतो.

आधी मात्र धंदा उभा करा, कारण नुसत्या भाष्यावर पोट भरत नाही. मेरिल लिंच किंवा मॉर्गन स्टॅन्लीसारख्या मोठ्या गुंतवणूक पेढीत चिकटा. शेअर-रोखे विकण्याच्या परवान्यासाठी सीरिज ७ ची परीक्षा द्या: १२५ प्रश्न, पावणेचार तास, ७२ टक्क्यांना पास. मग सल्लागारीसाठी सीरिज ६६. फेडरल रिझर्व्ह, म्हणजे अमेरिकेची मध्यवर्ती बँक, बरखास्त करावी का, हा प्रश्न दोन्हींत येत नाही. त्याचं उत्तर तुम्ही पुढे न विचारताच देणार आहात. दंतवैद्य, बांधकाम कंत्राटदार, चर्चमधले निवृत्त लोक गाठा. न्यू जर्सीत असाल तर एडिसनच्या आसपासचे आपले मराठी इंजिनिअर विसरू नका. तीन नोकऱ्यांपूर्वीचं ४०१के, म्हणजे कंपनीतलं निवृत्तीखातं, तसंच पडून असतं आणि ते आयआरए या वैयक्तिक निवृत्तीखात्यात वळवून द्यायला कोणीतरी ‘आपल्यातलं’ हवंच असतं.

पुरेसे ग्राहक झाले की राजीनामा द्या. शुक्रवारी दुपारी द्या, म्हणजे पेढी तुमची खाती दुसऱ्यांना वाटेपर्यंत शनिवार-रविवार फोन करायला मिळतो. २००४ पासून मोठ्या पेढ्यांमध्ये ‘ब्रोकर प्रोटोकॉल’ नावाचा समझोता आहे. निघताना ग्राहकाच्या पाच गोष्टी नेता येतात: नाव, पत्ता, फोन, ईमेल आणि खातं कोणाच्या नावावर आहे ते. सहावी नेलीत तर कोर्टात भेट. तुमची पेढी अजून त्यात आहे का, हे आधी बघून घ्या. मॉर्गन स्टॅन्ली आणि यूबीएस २०१७ मध्ये बाहेर पडल्या. मुक्त स्पर्धेवर तुम्ही पुढे जी व्याख्यानं देणार आहात, त्यांत स्पर्धकांनी आपसांत केलेल्या या समझोत्याचा विषय काढू नका.

आता हिशेब. दीडशे कुटुंबं, प्रत्येकी २० लाख डॉलर, म्हणजे ३० कोटी. त्यावर वर्षाला ०.९ टक्के, म्हणजे २७ लाख डॉलर. हे शुल्क तिमाहीच्या सुरुवातीलाच, आगाऊ, थेट खात्यातून कापायचं. ग्राहकाला स्वतःच्या हाताने चेक लिहावा लागला तर तो विचार करायला लागतो. आणि १० कोटींच्या वर गेलात की तुमची नोंदणी राज्याकडून एसईसी या केंद्रीय बाजार-नियामकाकडे, म्हणजे वॉशिंग्टनकडे जाते. याच वॉशिंग्टनला तुम्ही रोज शिव्या घालणार. तरी ‘एसईसी नोंदणीकृत’ हे शब्द माहितीपत्रकावर ठळक येऊ द्या. नोंदणी म्हणजे कौशल्याचा दाखला नव्हे, हे खाली बारीक छापावंच लागतं. बारीकच छापा.

मग प्रसिद्धी. शनिवारी सकाळी एएम रेडिओवर अर्ध्या तासाची वेळ विकत मिळते. ऐकणाऱ्याला वाटतं, स्टेशनने बोलावलंय. खरं तर भाडं तुम्ही भरलेलं असतं. तिथे गळ टाका, मग हॉटेलात फुकट जेवणाचा सेमिनार ठेवा आणि स्टेक येण्याआधीच फॉर्म भरून घ्या. स्टेक खाऊन झाल्यावर माणसं पार्किंगचा विचार करतात. टीव्हीवाले मागाहून आपोआप येतात, कारण त्यांना सकाळी सहाला दाढी करून बसलेला माणूस हवा असतो. मानधन बहुधा नसतं. कानात इअरपीस, मागे जाड पुस्तकं, तीन-चार मिनिटं. तेवढ्यात एक आकडा, एक भीती आणि उजव्यांचे लाडके माजी अध्यक्ष रेगन यांचं नाव बसवायचं. भाकीत करताना आकडा सांगा किंवा तारीख सांगा, दोन्ही एकत्र कधीच नको.

इथे कायद्याची एक सोय नीट समजून घ्या. एसईसीच्या जाहिरात-नियमानुसार नफ्याचे आकडे दाखवताना शुल्क वजा करून दाखवावे लागतात, काल्पनिक परतावा मिरवायला बंधनं आहेत. पण उत्स्फूर्त, थेट, तोंडी बोलणं त्या व्याख्येत येत नाही. म्हणजे स्टुडिओत मोकळं रान. घोळ कुठे होतो? उत्साहाच्या भरात तीच क्लिप आपल्या वेबसाइटवर चढवली जाते आणि ती जाहिरात ठरू शकते. तेव्हा क्लिप आधी कम्प्लायन्सवालीला, म्हणजे नियम पाळले जातात का हे बघणाऱ्या बाईंना, दाखवा. तिचं तोंड वाकडं होईल, पण पगार तुम्हीच देता.

मतांचं फार मनावर घेऊ नका, ती तयार मिळतात. सरकारी कर्ज हे मुख्य हत्यार. फक्त ऋतू पाळायचा. अध्यक्ष डेमोक्रॅट असला की कर्ज म्हणजे नातवंडांच्या गळ्याला फास. रिपब्लिकन असला की ‘विकास होऊ द्या, कर्ज आपोआप फिटेल’. २०१७ च्या करकपातीने कंपनी कर ३५ वरून २१ टक्क्यांवर आला आणि सरकारी तूट त्या वर्षीच्या सुमारे ६६५ अब्ज डॉलरवरून २०१९ मध्ये ९८४ अब्जांवर गेली, तीही बेकारी तळाला असताना. कोविड त्यानंतरचा. या तीन वर्षांत तुम्ही ‘वोक’, म्हणजे सामाजिक न्यायाचा पुळका आलेल्या, कंपन्यांवर बोलत होतात, असं नोंदीत राहू द्या.

वोकपणा हा बहुगुणी विषय आहे. मार्च २०२३ मध्ये सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली. एका दिवसात ४,२०० कोटी डॉलर काढायला लोक धावले. कारण कंटाळवाणं होतं: ठेवी बहुतांश विम्याच्या अडीच लाख डॉलरच्या मर्यादेबाहेरच्या, पैसा लांब मुदतीच्या रोख्यांत अडकवलेला, आणि व्याजदर चढल्यावर त्या रोख्यांच्या किमती पडलेल्या. मुदत म्हणजे काय, हे समजावण्यात तुमची चारही मिनिटं जातील. त्यापेक्षा बँकेच्या विविधता धोरणाने घात केला म्हणा, वीस सेकंदांत काम होतं. विकायचंही असेल तर उदाहरण समोर आहे: रिपब्लिकन नेते विवेक रामस्वामींच्या स्ट्राइव्ह या वोक-विरोधी गुंतवणूक कंपनीने २०२२ मध्ये ऊर्जा कंपन्यांचा फंड काढला, शुल्क ०.४१ टक्के. आत सर्वांत मोठे शेअर एक्झॉन आणि शेव्हरॉन, जे साध्या ऊर्जा फंडात त्याहून बरेच स्वस्त मिळतात. फरकाचे पैसे तत्त्वाचे.

भाकीत चुकलं तर? काहीच होत नाही. नोव्हेंबर २०१० मध्ये २३ अर्थतज्ज्ञ, गुंतवणूकदार आणि भाष्यकारांनी फेडचे अध्यक्ष बेन बर्नान्की यांना खुलं पत्र लिहिलं की ६०० अब्ज डॉलरची रोखेखरेदी थांबवा, नाहीतर चलन घसरेल, महागाई भडकेल. २०१२ ते २०२० मध्ये वर्षाची सरासरी महागाई एकदाही अडीच टक्क्यांवर गेली नाही. चार वर्षांनी पत्रकारांनी विचारलं, तेव्हा जे बोलले त्यांच्यापैकी कुणीही चूक कबूल केली नाही. शिका. ऑगस्ट २०११ मध्ये एस अँड पी या संस्थेने अमेरिकेचं पतमानांकन उतरवलं, तेव्हाही सरकारी रोखे कोसळायला हवे होते. घाबरलेल्या जगाने नेमके तेच रोखे विकत घेतले.

सगळ्यांत अवघड वेळ मात्र भाकीत खरं ठरल्यावर येते. जून २०२२ मध्ये महागाई ९.१ टक्के झाली. बारा वर्षं तुम्ही हेच ओरडत होतात! आणि ग्राहकाच्या खात्यात? तेच साठ टक्के शेअर, चाळीस टक्के रोखे, जे सगळेच ठेवतात, कारण सगळ्यांसारखं ठेवून बुडालं तर कोणी खटला भरत नाही. त्या वर्षी शेअर साधारण १८ टक्के पडले आणि सुरक्षित म्हणवले जाणारे रोखे १३ टक्के. त्या तिमाहीच्या पत्रात महागाईवर दोन पानं लिहा, खात्यावर अर्धा परिच्छेद, आणि तोही ‘दीर्घकालीन’ या शब्दाने सुरू करा.

आयातशुल्काचा पेच ताजा आहे. आयुष्यभर मुक्त व्यापाराचे गोडवे गायलात आणि २ एप्रिल २०२५ ला आपल्याच अध्यक्षाने जगभर शुल्क लावलं. पुढच्या दोन दिवसांत एस अँड पी ५०० हा शेअर निर्देशांक दहाएक टक्के खाली. अशा वेळी ‘ही वाटाघाटीची चाल आहे’ एवढंच म्हणून जाहिरातीची वाट बघा. ९ तारखेला नव्वद दिवसांची स्थगिती आली, निर्देशांक एका दिवसात साडेनऊ टक्के उसळला. धीर धरणारा भाष्यकार वाचतो.

आता खरा धोका, ज्याबद्दल कोणी सांगत नाही: तुमच्या ग्राहकाकडेही टीव्ही असतो. सोमवारी सकाळी त्याचा फोन येतो. डॉलर संपला म्हणालात ना काल? मग सगळं विका, मी सोन्याची नाणी घेऊन तळघरातल्या तिजोरीत ठेवतो. हे काहीही करून थांबवा. तिजोरीतल्या नाण्यांवर ०.९ टक्के कापता येत नाहीत. २० लाखांचं खातं म्हणजे वर्षाचे १८,००० डॉलर गेले. तेव्हा आवाज खाली आणा, मुलांची चौकशी करा आणि म्हणा, ‘ते मी देशाबद्दल बोलत होतो हो, तुमच्या खात्याबद्दल नाही.’ तरी ऐकत नसेल तर गोल्ड ईटीएफचा, म्हणजे शेअरसारख्या विकत मिळणाऱ्या सोन्याच्या फंडाचा, वाटा तीनाचा पाच टक्के करून द्या. तो खात्यातच राहतो.