‘रोज बॅकवॉश करूनही पाणी गढूळच’ या तक्रारीला उत्तर

नमस्कार मॅडम,

तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंत की स्विमिंग पूलच्या फिल्टरची वाळू बदलून दोन महिने होत नाहीत तोच पाणी पुन्हा गढूळ झालं, पूलच्या तळाशी वाळू साचते आणि रोज बॅकवॉश करूनही (म्हणजे वाळूतून उलट्या दिशेने पाणी सोडून ती धुऊनही) फरक पडत नाही, म्हणजे आम्ही हलक्या दर्जाची वाळू टाकली. काल मी स्वतः येऊन टाकी उघडली. जे दिसलं ते इथेच लिहितो, कारण दोन चुका आमच्या आहेत आणि तुम्ही तक्रारही सगळ्यांसमोर केली आहे.

आधी तळातली वाळू. तुम्ही काढून ठेवलेली चिमूटभर मी बोटांत चोळून पाहिली, करकर लागली. मेलेलं शेवाळही तळाशी असंच फिकट दिसतं, पण ब्रश लावला की ते धुरासारखं वर उठतं. ही वाळूच होती, आणि गाळलेलं पाणी पूलमध्ये परत येतं त्या तोंडाखालीच तिचा ढीग होता. तेव्हाच मला शंका आली. टाकीच्या बुडाशी बारीक चिरा असलेल्या नळ्या असतात, आम्ही त्यांना लॅटरल म्हणतो. वाळूतून झिरपलेलं पाणी त्या चिरांमधून आत जातं, वाळू बाहेरच राहते. सगळी वाळू उपसल्यावर त्यातली एक नळी मुळाशी तडकलेली निघाली. वाळू भरण्याआधी टाकी निम्मी पाण्याने भरून घ्यायची असते, म्हणजे वाळू पाण्यातून अलगद खाली बसते. आमच्या माणसाने कोरड्या टाकीत पोती रिकामी केली, त्या वजनाने नळी गेली. ती बदलली आहे. काल पाणी भरून, मधल्या उभ्या पाइपचं तोंड टेपने बंद करून, वाळू माझ्यासमोर घातली.

दुसरी चूक रोजच्या बॅकवॉशची. तुम्हाला तसं आमच्याच माणसाने सांगितलं होतं आणि ते साफ चुकीचं आहे. वाळूचा कण साधारण अर्धा मिलिमीटर. पाणी गढूळ करणारी धूळ त्याच्या कितीतरी पट बारीक असते. नुकत्याच धुतलेल्या वाळूतून तिच्यातली बरीचशी सहज निसटते. काही दिवस फिल्टर चालला की कणांमध्ये थोडा मळ बसतो, फटी अरुंद होतात आणि मग आधी निसटणारी धूळही अडकायला लागते. थोडी मळलेली वाळू कोऱ्या वाळूपेक्षा चांगली गाळते, हे ऐकून लोकांचा विश्वास बसत नाही, पण या फिल्टरचं सगळं काम त्यावरच चालतं. तुम्ही प्रामाणिकपणे रोज बॅकवॉश करत राहिलात आणि जमत आलेला तो थर रोज गटारात जात राहिला. सोबत दर खेपेला काहीशे लिटर क्लोरीनचं पाणीही गेलं.

बॅकवॉश कधी करायचा ते गेज, म्हणजे टाकीवरचा दाब दाखवणारा काटा, सांगतो. काल स्वच्छ वाळूवर काटा १२ पीएसआयवर (हे दाबाचं माप) होता, तो आकडा मी टाकीवर मार्करने लिहून ठेवला आहे. खरं तर हे पहिल्याच दिवशी व्हायला हवं होतं. काटा २० ते २२ च्या घरात गेला की बॅकवॉश करा. उलट तो १२ च्या बराच खाली आला, तर फिल्टरकडे न जाता आधी स्किमरची (पूलच्या काठाशी वरचं पाणी आत ओढणाऱ्या तोंडाची) आणि पंपाची जाळी पाहा, बहुतेक वेळा पाला अडकलेला असतो.

करताना आधी पंप बंद करा, मगच व्हॉल्व्हचं हँडल फिरवा. पंप चालू असताना फिरवलं तर आतलं गॅस्केट फाटतं आणि मळकं पाणी वाट चुकून पूलमध्ये जातं. बॅकवॉशवर दोन-तीन मिनिटं, व्हॉल्व्हजवळच्या छोट्या काचेत पाणी नितळ दिसेपर्यंत. मग पुन्हा पंप बंद, हँडल रिन्सवर, अर्धा ते एक मिनिट. रिन्स, म्हणजे वाळू खाली बसवून पहिलं पाणी बाहेर सोडणं, बहुतेक जण करतच नाहीत. बॅकवॉशमध्ये वाळू उचलली जाते, ती खाली बसायच्या आत फिल्टर सुरू केला तर सुटलेला मळ थेट पूलमध्ये येतो.

वाळूबद्दल मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. ती फिल्टरचीच, चाळलेली सिलिका वाळू आहे. काल उपसल्यावर कुठेही गोळे झालेले नव्हते, तेलकट चिकटपणा नव्हता. म्हणून तीच धुऊन परत घातली, कमी पडली तेवढी नवी टाकली. अशी वाळू पाच ते सात वर्षं चालते.

गढूळपणाचं उरलेलं कारण पाण्यातच सापडलं. क्लोरीन जवळजवळ शून्यावर आणि पीएच ८. पीएच ७.५ असताना क्लोरीनचा साधारण निम्मा भाग जंतू आणि शेवाळ मारण्याच्या कामाचा असतो, ८ वर जेमतेम पाव उरतो. शेवाळ जिवंत असेपर्यंत वाळू त्याच्यापुढे हतबल आहे, आधी ते मरायला हवं. पीएच ७.४ वर आणून क्लोरीन दिला आहे. शिवाय पंप रोज दोनच तास चालतो असं तुम्ही म्हणालात. तुमच्या पूलमध्ये अंदाजे ६० हजार लिटर पाणी आहे आणि फिल्टरमधून तासाला १० हजार लिटर जातं. म्हणजे सगळं पाणी एकदा फिरायलाच सहा तास हवेत. विजेचा खर्च मला समजतो, पण पाणी नितळ होईपर्यंत तरी आठ तास चालवा.

कालच्या कामाचे, नळीचे आणि वाळूचे पैसे लागणार नाहीत. आमच्या सगळ्या माणसांना टाकी भरण्याची रीत मी आज पुन्हा करून दाखवली. पंधरा दिवसांनी येऊन गेज आणि पाणी दोन्ही तपासतो. तोवर काटा २० च्या खाली असेल तर बॅकवॉशला हात लावू नका, आणि तळाशी पुन्हा चिमूटभर जरी वाळू दिसली तरी त्याच दिवशी मला फोन करा.