बेन किंग्जली यांच्याविषयीचा खुलासा

‘गांधी’ चित्रपटात गांधीजी साकारणारे अभिनेते बेन किंग्जली यांचा भारताशी काडीचाही संबंध नव्हता, तो त्यांचा पहिलाच चित्रपट होता आणि त्याच्या यशानंतर त्यांनी नाव बदलले, असा मजकूर सध्या फिरतो आहे. यातील एकही विधान खरे नाही.

किंग्जली यांचा जन्म ३१ डिसेंबर १९४३ रोजी इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात झाला आणि त्यांचे जन्मनाव कृष्ण पंडित भानजी असे होते. त्यांचे वडील गुजराती वंशाचे डॉक्टर होते, तर आई इंग्रज होती. परकीय वाटणाऱ्या नावामुळे कामे मिळणार नाहीत, या धास्तीने त्यांनी कारकिर्दीच्या आरंभीच नाव बदलले. १९७२ च्या ‘फिअर इज द की’ या चित्रपटात ते दिसले, तेव्हाही ते बेन किंग्जलीच होते.

त्यांची खरी जडणघडण मात्र रंगभूमीवर झाली, आणि फिरत्या मजकुरात नेमका तिचाच उल्लेख नसावा, हे मनाला लागते. १९६७ मध्ये ते रॉयल शेक्सपिअर कंपनीत दाखल झाले, १९७० मध्ये दिग्दर्शक पीटर ब्रुक यांच्या गाजलेल्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’मध्ये त्यांनी डिमिट्रियस साकारला आणि १९७५ मध्ये स्ट्रॅटफर्डच्या एका छोट्या नाट्यगृहात, प्रेक्षकांपासून हाताच्या अंतरावर, ते हॅम्लेट म्हणून उभे राहिले. १९८२ मध्ये ‘गांधी’ प्रदर्शित झाला तो या तपश्चर्येनंतर.

याच चित्रपटात कस्तुरबा साकारणाऱ्या रोहिणी हट्टंगडी पुण्याच्या, आणि वेशभूषेसाठी जॉन मोलो यांच्यासह ऑस्कर मिळवणाऱ्या भानू अथैया कोल्हापूरच्या.